वंशावळीची डीएनए चाचणी: दिवाळीपासून आजपर्यंतचा वापर

घरबसल्या करायची डीएनए चाचणी गेल्या दिवाळीत मागवली. तेव्हापासून तिचं ॲप, रिपोर्ट आणि कच्चा डेटा सतत वापरतोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या प्रकारच्या बहुतेक किटना लागू पडेल. माझं मत आधीच सांगतो. किट चांगलं आहे, पण एकट्या किटमधून फार काही हाती लागत नाही. शेजारी उत्खननाचे अहवाल आणि भाषांचा इतिहास उघडून बसायची तयारी असेल तर मात्र पैसे पुरेपूर वसूल होतात.

प्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, नळीत खुणेपर्यंत लाळ भरायची, झाकण घट्ट लावून कुरिअरला द्यायची. दोनेक महिन्यांत रिपोर्ट येतो.

रिपोर्ट उघडला की आधी टक्केवारीचा रंगीत नकाशा दिसतो. सगळे तेवढाच बघतात, त्याचाच स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरवतात. माझ्या मते किटमधला सगळ्यात कमी कामाचा भाग तोच. ही टक्केवारी आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी तुलना करून काढलेली असते. कंपनीने नमुने वाढवले की आकडे बदलतात. उन्हाळ्यात ॲप अपडेट झालं आणि माझ्या नकाशातला 'मध्य आशिया' हा पट्टा नाहीसाच झाला. माझे पूर्वज काही बदलले नव्हते. त्यामुळे त्या आकड्यांवरून कुणी घरात अभिमान किंवा भांडण उभं करू नये, ही कळकळीची विनंती.

खरी गंमत पुढच्या दोन पानांत आहे, आईकडची ओळ आणि वडिलांकडची ओळ. आईकडची ओळ मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागातल्या छोट्या डीएनएवरून काढतात. तो आईकडूनच मुलांत येतो आणि लांबीला जेमतेम साडेसोळा हजार अक्षरांचा असतो. अशा ओळीच्या गटाला हॅप्लोग्रुप म्हणतात. माझी ओळ निघाली यू२बी. यू२च्या ए, बी आणि सी या शाखा प्रामुख्याने भारतीय उपखंडातल्या, फार जुन्या. ॲपने लगेच 'तुमचा प्राचीन नातेवाईक' म्हणून रशियातल्या डॉन नदीकाठच्या कोस्तेन्की इथला सांगाडा दाखवला. तो माणूस सुमारे ३७ हजार वर्षांपूर्वीचा आणि त्याची ओळ यू२ ही गोष्ट खरी आहे. पण त्याची नि माझी शाखा कधीच्या काळी फुटलेल्या. माझी पणजी रशियातून आली असा अर्थ काढायचा नाही, एवढं ॲपने एका ओळीत लिहायला हवं होतं. ते लिहिलेलं नाही.

वडिलांकडची ओळ बापाकडून मुलाला मिळणाऱ्या वाय गुणसूत्रावरून काढतात. माझी निघाली आर१ए-झेड९३. इथे प्रकरण तापतं, कारण आर्य बाहेरून आले का, हा वाद याच शाखेपाशी येऊन ठेपतो. चार हजार वर्षांपूर्वीच्या युरेशियन स्टेपवरच्या, म्हणजे युरोप-आशियातल्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांच्या सांगाड्यांत हीच शाखा सर्रास सापडते. ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएवर आधारलेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार स्टेपचा हा वारसा उपखंडात साधारण इ.स.पू. २००० ते १५०० या काळात आला. त्याच वर्षी राखीगढीचा शोधनिबंध आला. हरियाणातल्या या हडप्पाकालीन नगरातले ६१ नमुने तपासले, त्यातून जेमतेम वाचता येईल असा डीएनए एकाच स्त्रीचा मिळाला. आपल्या उष्ण हवेत हाडांतला डीएनए टिकत नाही, हे दुखणं जुनंच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या संघाचे प्रमुख होते. त्या स्त्रीत स्टेपचा अंश नाही. तिच्यात इराणच्या बाजूच्या प्राचीन लोकांशी नातं सांगणारा वारसा आहे आणि उपखंडातल्या जुन्या शिकारी-संकलकांचा आहे. हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचले तेव्हा माझ्या रिपोर्टचं ते कोरडं पान पहिल्यांदा बोलायला लागलं.

तरीही एक भान ठेवावं लागतं. दहा पिढ्या मागे गेलं तर वंशवृक्षात १०२४ जागा होतात. ही दोन पानं त्यातल्या फक्त दोघांबद्दल बोलतात. आणि पुरुष-ओळीवरून सरसकट 'घोड्यावर बसून आलेले पुरुष' असं चित्र रंगवणाऱ्यांनी पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातले सांगाडे जरूर पाहावेत. तिथल्या लोहयुगीन लोकांत स्टेपचा वारसा आहे, पण तो मुख्यत्वे स्त्रियांमार्फत आलेला दिसतो.

मला सगळ्यात जास्त आनंद कच्च्या डेटाने दिला. डाउनलोड केल्यावर एक साधी मजकुराची फाइल मिळते, लाखो ओळींची. प्रत्येक ओळीत खुणेचा क्रमांक, गुणसूत्र, स्थान आणि दोन अक्षरं. मी आरएस४९८८२३५ शोधला. दुसऱ्या गुणसूत्रावरची ही जागा मोठेपणीही दूध पचण्याशी जोडलेली आहे. माझ्याकडे तिथे जी-जी, म्हणजे दूध पचवण्याची ती खास खूण नाही. भारतात ही खूण आहे ती युरोपात आढळते तीच, तिचा उगम एकच, आणि वायव्येकडे तिचं प्रमाण जास्त.

आता इथे उत्खनन मदतीला येतं. कच्छमधल्या कोटडा भाडलीच्या खापरांत मुरलेल्या स्निग्धांशाचं विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. इ.स.पू. २५०० च्या सुमारास तिथे दुधाचे पदार्थ होत होते हे त्यातून दिसलं. म्हणजे स्टेपचे लोक यायच्या कितीतरी आधी. दूध विरजलं की त्यातली शर्करा कमी होते, ते पोटाला सोसतं. आमच्या घरात ग्लासभर दूध कुणी पीत नाही, ताक मात्र रोज लागतं. फाइलीतली दोन अक्षरं, कच्छचं खापर आणि जेवणातलं ताक असं एका रेषेत आलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो होतो. असा अनुभव ॲप स्वतःहून देत नाही. तो आपण बांधायचा.

ॲपमध्ये सगळ्यात मोठी उणीव भाषेची. भाषेचा रकानाच नाही! महाराष्ट्रात राहून तर हे फार खटकतं. मेळघाटात कोरकू बोलतात. ती मुंडा कुळातली, म्हणजे तिचं नातं थेट आग्नेय आशियाकडच्या भाषांशी. मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांत पुरुष-ओळीत आग्नेय आशियाशी जोडलेली ओ गटातली शाखा ठळक दिसते, आईकडच्या ओळी मात्र बहुतांश इथल्याच. बुलढाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी माणसं आहेत. तिच्यात कोरकू, मराठी आणि द्राविडी शब्दांची रेलचेल आहे, पण उरलेला गाभा कुठल्याच ज्ञात कुळात बसत नाही. इतका जुना ठेवा आपल्या शेजारी असताना आपण नकाशातल्या टक्क्यांवर वाद घालत बसतो. मराठीचंही तसंच. कूळ इंडो-आर्यन, पण 'आम्ही' आणि 'आपण' यांत आपण जो फरक करतो तो संस्कृतात नाही, द्राविडी भाषांत आहे. कधीतरी इथे दोन्ही भाषा बोलणारी घरं होती, असा याचा अर्थ लावतात. डीएनएचा हिशेब याला पूरक आहे. भारतातल्या गटांची मोठी सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळातली, असं २०१३ च्या अभ्यासातून दिसतं. त्यानंतर रोटी-बेटीचे दरवाजे आवळत गेले.

या आवळण्याचा ॲपमध्ये एक व्यावहारिक परिणाम दिसतो. 'नातेवाईक' यादीत मला चौथ्या पिढीतली म्हणून दाखवलेली मंडळी प्रत्यक्षात बरीच लांबची निघाली. एकाच समाजात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झाली की डीएनएचे समान तुकडे वाढतात आणि गणित नातं जवळचं दाखवतं. कंपनीला लिहिलं, तर छापील उत्तर आलं.

डीएनए, उत्खनन आणि भाषा ही तिन्ही शास्त्रं प्रत्येक वेळी एकमेकांना दुजोरा देतात असं मात्र नाही. शिरूर तालुक्यातलं इनामगाव घ्या. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधरा वर्षं तिथे खणलं. घोड नदीकाठच्या या जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांच्या गावात लहान मुलांना दोन कुंभांची तोंडं जोडून घराच्या जमिनीखालीच पुरलेलं सापडलं. मोठ्यांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. पुढे चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, शेतीचा जोर ओसरला. एवढं सगळं खोऱ्या-फावड्याने सांगितलं. पण त्या आयांनी मुलांना कोणत्या भाषेत हाका मारल्या, हे खापरांवरून कळत नाही आणि माझ्या रिपोर्टवरूनही नाही. जोर्वेवाल्यांना सरळ 'आर्य' किंवा 'द्रविड' ठरवणारे व्हिडिओ समोर आले तर न बघता सोडून द्या.

गोपनीयतेकडे दुर्लक्ष करू नका. ट्वेन्टीथ्री अँड मी या बड्या अमेरिकी कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. तो आपल्या एकट्याचा नसतो, भावंडांचा आणि मुलांचाही असतो. घरात बोलूनच नळी भरा. मी कच्चा डेटा उतरवून घेतला आणि कंपनीकडचा नमुना नष्ट करायला सांगितला.

सबस्क्रिप्शन पुढे चालू ठेवलेलं नाही. हॅप्लोग्रुप आणि कच्चा डेटा एकदाच्या किमतीत मिळतात, दरमहा पैसे भरण्याजोगं वरचं काही मला आढळलं नाही. घ्यायचंच असेल तर दोन्ही हॅप्लोग्रुप आणि डेटा डाउनलोड, या दोन गोष्टी देणारंच किट घ्या. बाईंनी चाचणी केली तर वडिलांकडची ओळ मिळत नाही, कारण वाय गुणसूत्र मुलींकडे येत नाही. त्यासाठी वडिलांचा, भावाचा किंवा सख्ख्या काकांचा नमुना लागेल. आणि घरात आजी असेल तर पहिली नळी तिची भरून घ्या.