डायलिसिसच्या रुग्णांसाठी आहार व व्यायाम मार्गदर्शन, गंगापूर रोड, नाशिक : चार महिन्यांचा अनुभव

माझे वडील दीड वर्षापासून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेत आहेत. दिवाळीनंतर त्यांना न्हाणीतल्या पाटावरून आधाराशिवाय उठता येईनासे झाले, परंतु डायलिसिसनंतरचे वजन 58 किलोवर कायम होते आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजतात तो टाकाऊ घटक) थोडे खालीच आले होते, म्हणून आम्ही तो दोष वयाला दिला. गंगापूर रोडवर एक आहारतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट मिळून मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी छोटेसे केंद्र चालवतात. तिथे गेल्यावर समजले की क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होत असल्यामुळे स्नायू झिजले की मूत्रपिंड न सुधारताही तो आकडा उतरतो, आणि अंगात साठलेले पाणी काट्यावर झिजलेल्या मांसाची भरपाई करते.

पहिली तपासणी पाऊण तास चालली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी नडगीवर अंगठा दाबून सूज पाहिली आणि मगच पोटरीला टेप लावला. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) डाव्या हाताला असल्याने पकडीचे यंत्र उजव्या हातात दिले. वडिलांनी दात आवळून ते दाबले तरी काटा 19 किलोवर थांबला. आशियाई निकषांनुसार पुरुषांची पकड 28 किलोपेक्षा कमी असली तर ती क्षीण मानतात. खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला 12 सेकंदांपेक्षा कमी वेळ लागायला हवा, वडिलांना 21 लागले.

मला सर्वाधिक मोलाचे वाटले ते आहाराचे मार्गदर्शन. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी एका रुग्णालयाने दिलेला, दिवसाला साधारण 35 ग्रॅम प्रथिनांचा कागद आम्ही दीड वर्ष निष्ठेने पाळत होतो, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर तो बदलायचा असतो हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. याचा मला आजही राग येतो. डायलिसिसच्या प्रत्येक फेरीत काही ग्रॅम अमिनो आम्ले रक्तातून निघून जातात, म्हणून अशा रुग्णाला किलोमागे 1.0 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे वडिलांना 58 ते 70 ग्रॅम प्रथिने लागतात. डाळी आणि दूध वाढवले की फॉस्फरसही वाढतो, आणि पोटॅशियमप्रमाणेच तोही निकामी मूत्रपिंडांना पुरेसा बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे आहारतज्ज्ञ बाईंनी अंड्याच्या पांढऱ्या भागावर भर दिला. चार अंड्यांच्या पांढऱ्या भागातून सुमारे 14 ग्रॅम प्रथिने मिळतात. वडिलांचा सोमवारचा उपवास नेमका डायलिसिसच्या दिवशी येई आणि त्या दिवशी पोटात साबुदाणा व बटाटा जाई, म्हणजे प्रथिने जवळजवळ नाहीत आणि पोटॅशियम मात्र भरपूर. बाईंनी उपवास सोडा असे म्हटले नाही, फक्त हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. सोमवार वडिलांनी स्वतःच सोडला, चतुर्थी मात्र ठेवली.

रक्तातील आम्लता आवरणारे बायकार्बोनेट कमी आढळल्यावर त्यांनी औषधात हात न घालता आमच्या नेफ्रॉलॉजिस्टांना (मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना) चिठ्ठी दिली, कारण रक्तातील आम्लता वाढली की स्नायूंचे विघटनही वाढते. हा संयम मला फार आवडला. व्यायामही डॉक्टरांच्या संमतीनेच सुरू झाला : डायलिसिसच्या पहिल्या दोन तासांत पडल्यापडल्या पायांचे पॅडल, कारण पुढे रक्तदाब उतरू लागतो, आणि घरी एक दिवसाआड खुर्चीवरून उठबस.

गैरसोयी आहेत. केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि ज्यांचे पायच थकलेले आहेत त्यांच्यासाठी हे खरोखर अयोग्य आहे. सिडकोपलीकडे घरी येण्याचे वेगळे पैसे पडतात. पहिल्या भेटीला डायलिसिस नसलेला दिवस निवडावा आणि रक्ततपासणीचे मागील तीन महिन्यांचे कागद सोबत न्यावेत.

चार महिन्यांनी पकड 23 किलो झाली आणि पाच उठबशांना 15 सेकंद लागतात. पाटावरून उठताना वडिलांचा एक हात अजून भिंतीला लागतो, दुसऱ्या हाताने मात्र ते आता स्वतःचा टॉवेल उचलतात.