पाच एचपीचा सौर पंप, अकरा महिने वापरून: एका तेल कामगाराचा अनुभव

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या रानात पाच एचपीचा सौर पंप बसला. रब्बी, उन्हाळा, पावसाळा आणि पुन्हा रब्बी असा पुरा फेरा बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज डिसेंबर आहे, म्हणून आता लिहितोय. गाव कळंब तालुक्यात, जिल्हा धाराशिव. रान चार एकर: सोयाबीन-तूर, हरभरा, अर्धा एकर भाजीपाला आणि दोन म्हशींपुरती हिरवी वैरण. एक जुनी विहीर आणि ३२० फुटांचा एक बोअर, २०१३ च्या दुष्काळात घेतलेला.

मी नोकरीला समुद्रात आहे. मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर तेलाचे प्लॅटफॉर्म आहेत, त्यातल्या एकावर. चौदा दिवस ड्यूटी, चौदा दिवस गाव. कुठल्या विहिरीतून दिवसाला किती तेल, किती पाणी, किती गॅस आला, दाब किती राहिला, हे रोज मोजून लिहायचं आणि यंत्रं चालती ठेवायची, हे माझं सतरा वर्षांचं काम. त्यामुळे पंप दिसला की मी आधी हेड, म्हणजे तो पाणी किती उंच उचलतो ते, विचारतो, मग अर्थिंग बघतो, आणि मोजल्याशिवाय कुणाच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

आधीची परिस्थिती सांगतो. आमच्या रानात विजेचा खांब कधी आलाच नाही. भावानं २०२१ मध्ये कोटेशन भरलं, नाव ‘पेड पेंडिंग’च्या, म्हणजे पैसे भरूनही जोडणी न मिळालेल्यांच्या यादीत गेलं आणि तिथेच राहिलं. विहिरीवर डिझेल इंजिन होतं, तासाला साधारण एक लिटर डिझेल लागायचं. नव्वदीच्या पुढचं डिझेल, तेही नऊ किलोमीटरवरून कॅनमध्ये आणायचं. बोअरची मोटर चुलत्यांच्या कनेक्शनवरून वायर ओढून चालायची. थ्री फेज लाईट पाळीनं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की आमचे आप्पा, वय अडुसष्ट, बॅटरी घेऊन अकराला रानात निघायचे. २०१८ मध्ये चुलत्यांना तिथेच पिकाला पाणी द्यायला दारं धरताना घोणस चावली. अंबाजोगाईला नेलं, वाचले, पण उजवा पाय अजून सुजतो.

प्लॅटफॉर्मवर रात्रीचं काम असलं की पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, हातात परमिट, सोबत दुसरा माणूस आणि वॉकीटॉकी असल्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत. आणि इथे घरचा म्हातारा माणूस अंधारात, चपलेवर, चिखलात एकटा उभा. हे मला कित्येक वर्षं डाचत होतं. म्हणून या पंपाची सगळ्यात मोठी कमाई कोणी विचारली तर मी डिझेलचे वाचलेले पैसे सांगत नाही. आप्पा रात्री घरी झोपतात, हे सांगतो.

पंप ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून घेतला. सर्वसाधारण गटाला १० टक्के हिस्सा, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. आमचे बत्तीस हजारांच्या आसपास गेले. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात, असं जमिनीप्रमाणे बसतं. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा त्यातच येतो. ५४० वॅटचे नऊ पॅनेल, पॅनेलची वीज पंपाला जुळवून देणारा कंट्रोलर, बोअरमध्ये पाण्यात बुडालेला सबमर्सिबल पंप.

बसवायला आलेल्या पोरांनी ५० मीटर हेडचा पंप आणला होता. मी नेमका घरी होतो. आमच्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात दोनशे फुटांच्या खाली जातं, म्हणजे साठ मीटरच्या पुढे. ५० मीटरवाला पंप फेब्रुवारीत धो धो पाणी दाखवील आणि एप्रिलात नुसता फिरत बसेल. मी तो उतरवूच दिला नाही. बारा दिवसांनी ७० मीटरवाला आला. हे खास करून सांगतोय, कारण आमच्याच शिवारात दोघांना कमी हेडचा पंप बसलाय आणि ते ‘सोलरच बोगस’ म्हणतात. पंप चांगला आहे, बोअरला चुकीचा आहे. फॉर्म भरताना पाण्याची पातळी उन्हाळ्याची लिहा.

आता पाणी किती देतो. मी २०० लिटरचा ड्रम ठेवून घड्याळ लावलं. फेब्रुवारीत भर दुपारी ड्रम सव्वा मिनिटात भरला. सकाळी नऊला तोच ड्रम भरायला चार मिनिटं लागली. पंप सव्वाआठच्या सुमाराला हलतो, खरं पाणी साडेदहा ते साडेतीन. त्यामुळे दारं धरायची जुनी सवय बदलावी लागली. पहाटेच्या गारव्यात पाणी देणं विसरा. आम्ही बोअरचं पाणी दिवसभर विहिरीत सोडतो आणि तिथून ठिबकला देतो. ज्यांच्याकडे विहीर किंवा शेततळं नाही, त्यांना थेट सौर पंपावर ठिबक चालवताना दाबाचा त्रास होतो, कारण ढग आला की दाब पडतो.

जुलैत आभाळ भरलेलं असलं की ड्रमला सात-आठ मिनिटं, कधी पंप चालूच होत नाही. पण तेव्हा पाण्याची गरजही नसते. खटकतं ते वेगळंच: ते नऊ पॅनेल वर्षातले तीन-चार महिने नुसते उभे असतात. त्याच पॅनेलवर कडबा कुट्टी आणि छोटी गिरणी चालवता येईल असे कंट्रोलर मिळतात, आम्हाला मात्र साधा मिळाला. वरचे पैसे भरून बदलून देणार असतील तर मी उद्या भरतो.

पॅनेल पुसायचं काम आईनं अंगावर घेतलंय. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की काचेवर काळी बारीक राख बसते. मार्चमध्ये एकदा पुसायच्या आधी आणि नंतर ड्रम लावून बघितला, पंधरा सेकंदांचा फरक पडला. सकाळी काच गार असताना साधं पाणी आणि सुती फडकं. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

एप्रिलच्या मध्यात वळीव आला, वीज कडाडली आणि कंट्रोलर गेला. मी समुद्रात होतो. भावानं टोल-फ्रीवर तक्रार टाकली, तालुक्याला तीन खेपा मारल्या. नवा कंट्रोलर एकोणिसाव्या दिवशी आला. तोवर भाजीपाल्याचे निम्मे वाफे वाळून गेले होते, वैरण विकत आणली. पंप बसवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, डबा बदलला आणि ‘नैसर्गिक आहे, कोण काय करणार’ म्हणून गेला.

मी घरी आल्यावर अर्थ टेस्टर लावला. आभाळातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाच्या अर्थिंगचा रोध ४१ ओहम. तो ५ च्या आत असायला हवा. खड्डा उकरला तर आत नुसता मुरूम, ना कोळसा ना मीठ. वरची पट्टी स्ट्रक्चरच्या रंगावरच बोल्टनं आवळलेली, म्हणजे लोखंडाला लोखंड लागलेलंच नाही. आमच्या प्लॅटफॉर्मवर असं काम कोणी केलं तर त्याला त्या दिवशी पुन्हा हत्याराला हात लावू देत नाहीत. आम्ही दोघा भावांनी खड्डा सहा फूट खोल घेतला, काळी माती, कोळसा आणि मिठाचे थर दिले, रंग खरवडून पट्टी आवळली, चार बादल्या पाणी ओतलं. रोध ३.८ वर आला. वीजरोधकाचं अर्थिंग वेगळं आणि पॅनेल-कंट्रोलरचं वेगळं ठेवलं. त्यानंतर मे महिन्यात आणि सप्टेंबरात कितीतरी विजा झाल्या, काही झालं नाही. ज्यांच्याकडे हा पंप आहे त्यांनी तालुक्यातल्या वायरमनला दोन-तीनशे रुपये देऊन अर्थिंग मोजून घ्यावं, एवढं कळकळीनं सांगतो.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, बांध फुटले. स्ट्रक्चरच्या एका पायाखालची माती वाहून गेली होती, ती मुरूम-दगडांनी भरली. कंट्रोलर पाच फूट उंचीवर होता म्हणून वाचला. ज्यांचा खाली बसवलाय त्यांनी वर घ्या.

गावात पारावर मला विचारतात, तेलात काम करणारा माणूस सोलरचं कौतुक कसं करतो? याचं उत्तर मी मनापासून देतो. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा शोध १९७४ चा, उत्पादन १९७६ पासून. ते क्षेत्र आता म्हातारं झालंय. तेलासोबत येणारं पाणी वाढत चाललंय, तेच आम्ही रोज मोजतो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. रानातल्या ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी पाइप, रस्त्याचं डांबर, हे सगळं तेलातून आणि गॅसमधून येतं, युरिया गॅसमधून. या कामांना दुसरा सोपा पर्याय अजून नाही. खडकातलं पाणी वर ओढायला मात्र ऊन पुरतं, हे मी ड्रम लावून बघितलंय. मग तिथे परदेशातून आणलेलं तेल का जाळायचं?

ह्याच हिशेबानं मला उसाच्या इथेनॉलचं पटत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे गाडीचं ॲव्हरेज थोडं पडणारच. तेही एक वेळ चालेल, आयात वाचते. पण आमच्या मांजरा नदीच्या खोऱ्यात ऊस लावून ते करायचं? २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. जिथे पाऊस आणि कालवा आहे तिथे करा. इथे टाकीतलं उसाचं इंधन म्हणजे बोअरचं पाणी जाळणं आहे.

इथूनच मी माझ्या मुख्य तक्रारीवर येतो. ती पंपावर नाही, आमच्या वापरावर आहे.

२०१९ पासून मी बोअरची पातळी वहीत लिहितो. केसिंगमधून, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या मोठ्या पाइपातून, अर्धा इंची पाइप सोडलाय, त्यातून दोन तारांची वायर खाली सोडायची, टोकाला पाणी लागलं की मल्टिमीटरचा आकडा हलतो, तिथे वायरला गाठ मारून मोजायचं. जानेवारीत पंप बसला तेव्हा पाणी ९५ फुटांवर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात १४०. एप्रिलअखेर २०५, तेसुद्धा महिन्याच्या मध्यापासून पंप बंद असून. माझ्या वहीत इतक्या झपाट्यानं पातळी कुठल्याच वर्षी उतरलेली नाही. मेमध्ये पंप वीस-वीस मिनिटांनी ड्राय रनवर, म्हणजे पाणी संपून कोरडा फिरायला लागल्यामुळे, बंद पडू लागला.

कारण मला स्पष्ट दिसतं. डिझेल होतं तेव्हा प्रत्येक तासाला खिशातून नव्वद रुपये जायचे, माणूस आपोआप थांबायचा. लाईट होती तेव्हा ती जायची. उन्हाला बिल नाही. सकाळी बटण दाबलं की संध्याकाळपर्यंत पंप चालूच. विहीर भरून पाणी ओघळीला लागलं तरी कोणी बंद करत नाही. आप्पा तर म्हणाले, “फुकटचं पाणी येऊलालंय, येऊ दे की.” आमच्या शिवारात एका किलोमीटरच्या आत असे चौदा पंप झालेत. चौदाही एकाच खडकातून ओढतात.

समुद्रात आम्ही असं करत नाही. तिथे जेवढं वर काढायचं, त्याच्या बदल्यात समुद्राचं पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून, दाबानं खडकात परत सोडतात. नाहीतर आतला दाब पडतो आणि तेल असूनही वर येत नाही. प्रत्येक विहिरीचा रोजचा हिशेब असतो. आणि ते तेल विकायचं असतं. इथे तर प्यायचं पाणी आहे, आणि त्याचा हिशेब कुणाकडे नाही.

म्हणून मेअखेर आम्ही बोअरचं पुनर्भरण केलं. केसिंगभोवती सहा बाय सहा फूट, सहा फूट खोल खड्डा. खड्ड्यातल्या केसिंगला बारीक भोकं पाडून वर नायलॉनची जाळी गुंडाळली. तळाला मोठे दगड, मग खडी, वर वाळू. रानातलं पाणी चरातून आधी एका छोट्या गाळाच्या खड्ड्यात आणि तिथून याच्यात. खर्च साडेसहा हजार आणि दोन दिवसांची मेहनत. सप्टेंबरात पाणी २२ फुटांवर आलं. पण यंदाचा पाऊसच एवढा होता की सगळ्यांचेच बोअर भरले, त्यामुळे पुनर्भरणानं किती फरक पडला हे मी आत्ता सांगू शकत नाही. आज सकाळी पाणी ६० फुटांवर आहे.

सरकारला माझं एवढंच म्हणणं आहे की ९० टक्के पैसे तुम्ही देता, तर त्यासोबत पुनर्भरणाचा खड्डा आणि पाण्याचं मीटर सक्तीचं करा. शेतकरी आधी कुरकुर करील, पण करील. हेल्मेटलाही आम्ही सुरुवातीला कुरकुर केली होती.

पंप घ्यावा का? वीज नसेल किंवा रात्रीची असेल, तर नक्की घ्या. हेड बघून घ्या, अर्थिंग मोजा, कंट्रोलरचा आणि पॅनेलचा सीरियल नंबर फोटो काढून ठेवा, म्हणजे चोरी झाली तर विम्याला अडत नाही.

गेल्या आठवड्यात मी पंपाच्या तोंडावर दोन इंची पाण्याचं मीटर बसवलं. भावाला वही दिली आहे, रोज संध्याकाळी आकडा लिहायचा. पहिल्या दिवसाचा आकडा ५८ हजार लिटर. हरभऱ्याला एवढं पाणी लागत नाही, हे त्यानं स्वतःच वाचून मला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजता पंप बंद केला. गुरुवारी मी ड्यूटीवर जातोय, चौदा दिवसांनी वही बघीन. पुढच्या मेअखेरचे आकडे आले की यातच भर घालीन.