सबव्हर्जनच्या भांडारावर गिट : ‘गिट-एसव्हीएन’चा अनुभव

आमच्या कार्यालयातील मुख्य कोड आजही सबव्हर्जनमध्ये (कोडमधील बदलांचा इतिहास मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवणारी प्रणाली) आहे आणि तो तिथून हलवण्याचा निर्णय माझ्या हाती नाही. त्यामुळे गेली दोन वर्षे मी स्वतःच्या संगणकावर गिट (तेच काम करणारी, पण पूर्ण इतिहास आपल्याच संगणकावर ठेवणारी प्रणाली) वापरतो आणि दोहोंना जोडण्यासाठी ‘गिट-एसव्हीएन’. एरिक वाँग यांनी पर्ल भाषेत लिहिलेले हे साधन २००६ पासून गिटसोबत येते, मात्र डेबियन किंवा उबुंटूवर ते वेगळे पॅकेज म्हणून बसवावे लागते.

पहिला क्लोन, म्हणजे भांडाराची स्थानिक प्रत काढणे, संयमाची परीक्षा पाहतो, कारण सर्व्हरवरील प्रत्येक रिव्हिजन (नोंदवलेला बदल) एकेक करून आणली जाते; माझा क्लोन रात्रभर चालला. त्याआधी ट्रंक (मुख्य कोड), ब्रँच (समांतर शाखा) आणि टॅग (नाव दिलेली आवृत्ती) यांच्या मांडणीसाठी ‘एसटीडी-लेआउट’ हा पर्याय द्यावा आणि सर्व जुन्या वापरकर्त्यांची नावे लेखकांच्या फाइलमध्ये भरून ठेवावीत. एखादे नाव राहिले, तर काम तिथेच थांबते. एकदा इतिहास हाती आला की मात्र लॉग पाहणे, ब्लेम करणे (कोणती ओळ कोणी बदलली ते पाहणे), नवी ब्रँच काढून प्रयोग करणे हे सारे सर्व्हरशिवाय आणि क्षणात होते. एवढ्यासाठीच मी हे साधन सोडायला तयार नाही.

खरी काळजी घ्यावी लागते ती ‘डीकमिट’ करताना. ही आज्ञा आपला प्रत्येक कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) सबव्हर्जनमध्ये स्वतंत्र रिव्हिजन म्हणून नोंदवते आणि नंतर तोच कमिट, संदेशाखाली ‘गिट-एसव्हीएन-आयडी’ची ओळ जोडून, स्थानिक भांडारात नव्याने लिहिते. साहजिकच त्याचा हॅश (कमिटची ओळख ठरवणारा क्रमांक) बदलतो. मी एका सहकाऱ्याला माझी ब्रँच थेट गिटमधून दिली होती. डीकमिटनंतर तेच बदल दोघांच्या इतिहासात दोन वेगळ्या कमिटच्या रूपात उभे राहिले आणि ते निस्तरण्यात अख्खा दिवस गेला. म्हणून हे साधन मी एकट्याने काम करणाऱ्यालाच सुचवेन. संघातल्या देवाणघेवाणीसाठी सबव्हर्जनच ठेवावे.

मर्ज करताना, म्हणजे दोन ब्रँच एकत्र आणतानाही, अशीच काळजी घ्यावी लागते. इतिहास सरळ रेषेत ठेवावा, डीकमिटपूर्वी ‘गिट एसव्हीएन रीबेस’ करावे, म्हणजे सर्व्हरवरील नवे बदल आणून आपले कमिट त्यांच्यावर रचावेत. ट्रंकवर दुसरी सबव्हर्जन ब्रँच फास्ट-फॉरवर्डने (वेगळा मर्ज-कमिट न होता) मर्ज झाली, तर डीकमिट ट्रंकऐवजी त्या ब्रँचवर जाऊ शकतो, कारण कोठे लिहायचे हे शेवटच्या कमिटमागील आयडीच्या ओळीवरूनच ठरते. ‘ड्राय-रन’ हा पर्याय कोणत्या ब्रँचवर लिखाण होणार ते आधीच दाखवतो; मी तो न चुकता वापरतो.

‘एसव्हीएन-एक्स्टर्नल्स’कडे (दुसरीकडच्या डिरेक्टऱ्या प्रकल्पात जोडण्याची सबव्हर्जनची सोय) मात्र हे साधन पाहतही नाही, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त जाणवते. आमच्या प्रकल्पात अशा दोन डिरेक्टऱ्या आहेत; त्या मी सबव्हर्जनने वेगळ्या चेकआउट करतो आणि गिटच्या एक्स्क्लूड फाइलमध्ये (गिटने कशाकडे दुर्लक्ष करावे याची यादी) नोंदवून ठेवतो.