जुनं स्टँड पाडायचं ठरलं, पण नवं कुठे आणि कसं?

नव्या बसस्थानकाचा विषय निघाला की सगळ्यात आधी फिरतं ते चित्र. काचेची दर्शनी भिंत, गच्चीवर बाग, खाली स्वच्छ फरशीवरून चालणारी चार हसरी माणसं. बस मात्र चित्रात दोन किंवा तीन, त्याही रिकाम्या. खऱ्या स्टँडवर सकाळी आठ वाजता काय असतं हे रोज तिथून जाणाऱ्याला माहीत आहे, आणि तुम्हाला कौल द्यायचा आहे तो त्या आठ वाजताच्या गर्दीसाठी.

तुम्ही नगरसेवक असा, परिवहन खात्यात असा किंवा हरकती-सूचना लिहायला बसलेले नागरिक असा, तुमच्यापुढे साधारण तीन वाटा ठेवल्या जातील: आहे तीच इमारत सुधारायची, त्याच जागी पाडून मोठी बांधायची, किंवा शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर जायचं. त्यांची तुलना करण्याआधी एक हिशेब करून घ्या, कारण ‘मोठं’ या शब्दावर बहुतेक चर्चा घसरते ती या हिशेबाच्या अभावी.

फलाट किती? आधी मिनिटं मोजा

समजा गर्दीच्या तासात 60 बस सुटतात आणि प्रत्येक बस फलाटावर 10 मिनिटं उभी असते. म्हणजे 600 मिनिटांचं उभं राहणं एका तासात बसवायचं आहे; कागदावर 10 फलाट पुरतात. पण बस घड्याळाच्या ठोक्याला येत नाहीत, दोन एकदम येतात आणि मग बराच वेळ एकही नाही. म्हणून फलाट दोन-तृतीयांश वेळच कामात येईल असं धरा: 15 झाले. आता याच बस चालकाची विश्रांती, झाडलोट आणि पुढच्या फेरीची वाट पाहणं हे सगळं फलाटावरच करत 20 मिनिटं उभ्या राहिल्या, तर लागतात 30. बस तेवढ्याच, प्रवासी तेवढेच, स्टँड मात्र दुप्पट.

जुनं स्टँड ‘अपुरं’ पडतं त्यातला मोठा वाटा अशा नुसत्या उभ्या बसचा असतो. त्यांना थांबायला दहा मिनिटांच्या अंतरावर वेगळं आवार मिळालं, तर आहे त्या जागेतही बरंच काही होतं. प्रस्ताव हातात आला की पहिला प्रश्न हा विचारा: रिकामी बस कुठे थांबणार? उत्तर ‘फलाटावरच’ असेल तर पुढचे सगळे आकडे फुगलेले आहेत असं समजा.

इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहराचं उदाहरण इथे बोलकं आहे. 1969 सालचं ते अवाढव्य स्थानक, दोन्ही बाजूंना 40-40 फलाट, वर मोटारींसाठी मजले. नगरपालिकेला ते पाडायचं होतं. 2013 मध्ये त्याला वारसा इमारतीचा दर्जा मिळाला आणि पाडणं टळलं. 2018 मध्ये ते सुधारून खुलं झालं तेव्हा सगळ्या बस एकाच बाजूला आणल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूचं डांबर पुढे लोकांना बसा-फिरायला मोकळं झालं. म्हणजे 80 फलाटांचं काम 40 वर भागलं.

अर्थात प्रत्येक जुनी इमारत प्रेस्टनसारखी भक्कम नसते. सांगाडा तपासून घ्या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे खांबांमधलं अंतर मोजा. जुनी स्टँडं आखूड बससाठी आखलेली असतात. आजची 12 मीटरची बस वळताना बाहेरच्या कोपऱ्याला साधारण 12 मीटरची त्रिज्या मागते. खांब आड येत असतील तर कितीही रंग काढला तरी बस घासतच राहणार. तिथे दुरुस्तीचा नाद सोडावा. खांब आड येत नसतील आणि सांगाडा धड असेल, तर सुधारणेचा पर्याय पाडकामाच्या बरोबरीने टेबलावर हवा. तो बहुतेक वेळा ठेवलाच जात नाही, कारण सुधारणेच्या कोनशिलेला फारसा मान नसतो.

मध्यवस्तीत की वेशीबाहेर

वेशीबाहेर जाण्याचे फायदे खरे आहेत. जमीन सलग मिळते, लांब पल्ल्याच्या बस कोंडीत अडकत नाहीत, बांधकाम चालू असताना जुनं स्टँड चालू ठेवता येतं. तोटा एकच, पण तो रोजचा आणि प्रत्येक प्रवाशाचा: उरलेलं अंतर. बसची 25 मिनिटं वाचली आणि प्रवाशाची 40 गेली, तर वेळ वाचला तो फक्त वेळापत्रकाचा.

चेन्नईने हा प्रयोग दोनदा केला आहे. 2002 मध्ये लांब पल्ल्याच्या बस जुन्या ब्रॉडवे भागातून कोयंबेडूला गेल्या. तेव्हा ते दूर वाटायचं. स्थानकाच्या दाराशी मेट्रो आली ती 2015 मध्ये, म्हणजे 13 वर्षांनी. मग शहरच कोयंबेडूला गिळून पुढे गेलं, आणि 30 डिसेंबर 2023 रोजी दक्षिणेकडच्या बससाठी आणखी लांब किलांबाक्कमला नवं स्थानक उघडलं. शेजारून लोहमार्ग जातो, पण स्थानक सुरू झालं तेव्हा तिथे रेल्वेचा थांबा तयार नव्हता. ओझं घेऊन उतरलेल्या माणसाला ‘थांबा होणार आहे’ याचा काय उपयोग?

याच्या उलट टोकाला टोकियोचं शिंजुकू. तिथे जवळपासच्या रस्त्यांवर विखुरलेले 19 थांबे 2016 मध्ये एका छताखाली आले, तेही रेल्वेरुळांच्या वर बांधलेल्या इमारतीत. जमीन नव्हती म्हणून हवेतली जागा वापरली. खर्च आणि बांधकामाची कटकट अफाट, पण उतरलेला प्रवासी थेट शहराच्या सगळ्यात मोठ्या रेल्वे स्थानकात. गंमत म्हणजे एवढ्या नेटक्या नियोजनातही सुरुवातीला आत साधं किरकोळ वस्तूंचं दुकान नव्हतं. ते पुढच्या वर्षी आलं.

या दोन टोकांमधलीही एक वाट असते: लांब पल्ल्याच्या बस वेशीवर, जवळच्या आणि शहरी बस मध्यात. नकाशावर छान दिसते. पण आधी एक गोष्ट मोजा: किती लोक लांबच्या बसमधून उतरून जवळच्या बसमध्ये चढतात? एका आठवड्याची पाहणी पुरते. त्यात बाजाराचा दिवस आणि सुटीनंतरचा दिवस दोन्ही आले पाहिजेत. हा आकडा मोठा असेल तर स्टँड तोडून दोन करणं म्हणजे त्या प्रत्येकाच्या माथी एक जादा प्रवास मारणं. लहान असेल तर विभागणी खुशाल करा, फक्त दोन्ही जागा जोडणारी फेरी शेवटची बस येईपर्यंत चालू राहील असं लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर मध्यवस्तीतली जागा हातची घालवू नये. वेशीवर जमीन पुन्हा मिळेल. मध्यातली एकदा गेली की परत येत नाही. वेशीबाहेर जायचंच असेल, तर रेल्वे किंवा मेट्रो तिथे ‘प्रस्तावित’ नव्हे तर धावत असली पाहिजे.

बस उभी कशी राहणार

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून बैठकीत भराभर पुढे सरकवला जातो. पण अपघात होणार की नाही हे इथेच ठरतं.

तोंड आत करून लागणारी आणि मागे घेऊन निघणारी बस सगळ्यांच्या ओळखीची. या रचनेत जागा सगळ्यात कमी लागते. प्रवासी सगळे एकाच बाजूला, इमारतीच्या आत राहतात, त्यांना बसच्या वाटेत पाऊल टाकावं लागत नाही. धोका मागे घेताना असतो. त्यामुळे मागच्या आवारात एकही पादचारी येता कामा नये, आणि त्यासाठी पाटी पुरत नाही, कुंपण लागतं. निघायला थोडा वेळही जास्त जातो.

सरळ निघून जाणाऱ्या बससाठी समांतर फलाटांची बेटं करतात. बसला हे सगळ्यात सोयीचं. पण एका बेटावरून दुसऱ्यावर जाणारा माणूस बसची वाट ओलांडतो. भुयार किंवा पूल केला तर लोक तो टाळून खालूनच पळतात. यात लोकांना दोष देऊ नका, हातात दोन पिशव्या आणि बस सुटायला एक मिनिट असताना जिने कोण चढेल?

तिसरी रचना करवतीच्या दातांसारखी, तिरक्या खाचांची. पुढची बस हलली नाही तरी मागची निघू शकते, मागे घ्यावंही लागत नाही. मात्र लांबी भरपूर लागते. वारंवार येणाऱ्या, दोन-तीन मिनिटंच थांबणाऱ्या शहरी बससाठी ही उत्तम. अर्धा तास उभ्या राहणाऱ्या लांबच्या बसला एवढी लांबी देणं चैन आहे. एकाच स्थानकात दोन्ही रचना असायला हरकत नाही, आणि खरं तर तसंच असावं.

यातच फलाटांच्या वाटपाचा प्रश्न येतो. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चने भूकंपानंतर 2015 मध्ये नवं स्थानक उघडलं. त्यात 16 फलाट आहेत आणि कोणती बस कुठे लागणार हे ती जवळ आल्यावर यंत्रणा ठरवते. रिकामा फलाट वाया जात नाही, त्यामुळे कमी जागेत जास्त फेऱ्या बसतात. पण ही पद्धत फलकावर आणि उद्घोषणेवर पूर्ण विसंबते. फलक बंद पडला की सगळं स्थानक आंधळं. शिवाय वीस वर्षं ‘आपली गाडी पाच नंबरला’ एवढ्याच खुणेवर प्रवास करणारी म्हातारी माणसं, अक्षरओळख नसलेले, दृष्टिहीन, यांची ती खूणच जाते. मी तडजोड सुचवेन: प्रत्येक दिशेला चार-पाच फलाटांचा पक्का गट आणि त्या गटातला नेमका फलाट यंत्रणेने ठरवायचा. माणसाने चुकीच्या जागी वाट पाहिली तरी तो फार तर पंचवीस पावलं चुकेल.

वर दुकानं बांधून खर्च काढू

हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असतं. तेल अवीवच्या मध्यवर्ती बसस्थानकाची गोष्ट त्यावर उतारा म्हणून वाचावी. काम 1967 मध्ये सुरू झालं, उद्घाटन 1993 मध्ये. सात मजले, दुकानांचे गाळे हजाराच्या घरात, आणि वाटा अशा वळणावळणाच्या की लोक बस शोधताना दुकानांपुढून जावेत. लोक हरवले, बरेच गाळे ओस पडले आणि खालचे मजले बंद झाले.

हेलसिंकीत मात्र हा डाव जमला: काम्पी भागात लांब पल्ल्याचं स्थानक 2005 मध्ये जमिनीखाली गेलं, वर बाजारसंकुल आलं. फरक जागेचा होता. तिथे मेट्रो होती, पायी येणारी गर्दी आधीपासून होती. दुकानांना गिऱ्हाईक हवं होतं म्हणून बस आणल्या नव्हत्या.

वर मजले चढवले की त्यांचे खांब खाली उतरतात, बरोबर तिथे जिथे बसला वळायचं असतं. म्हणून दुकानं शेजारच्या भूखंडावर, बसच्या आवारावर फक्त हलकं छप्पर, ही मांडणी मला जास्त पटते. भागीदारीत विकासक येणारच असेल तर करारात एक कलम घाला: बसचा भाग चालू झाल्याखेरीज एकाही गाळ्याला वापराची परवानगी नाही. या कलमावर विकासक जेवढा अडून बसेल, तेवढं ते तुमच्यासाठी गरजेचं.

चार्जिंगचा विचार मात्र दोन्ही मांडण्यांत आत्ताच व्हायला हवा. 150 किलोवॅटचे दहा चार्जर एकाच वेळी चालले तर दीड मेगावॅट वीज लागते. त्यासाठी उपकेंद्राची खोली आणि जमिनीखालून केबलच्या नळ्या पहिल्या दिवसापासून लागतात. आवाराची जमीन काँक्रीटचीच घ्या. उभ्या बसच्या वजनाने डांबरात खड्डे होतात आणि गळणारं डिझेल त्याला आणखी मऊ करतं. चालक-वाहकांची विश्रांतीची खोली आणि स्त्रियांची पुरेशी शौचालयं मूळ नकाशातच हवीत. नंतर ‘जागा बघू’ म्हटलेलं जिन्याखाली जातं.

आणि मधली वर्षं?

त्याच जागी पाडून बांधायचं असेल तर ही तुलनेतली सगळ्यात जड बाब, आणि तिच्यासाठी अहवालात सहसा एक परिच्छेद असतो. वेल्सची राजधानी कार्डिफ इथलं मध्यवर्ती बसस्थानक ऑगस्ट 2015 मध्ये बंद झालं, पाडलं गेलं. नवं उघडलं जून 2024 मध्ये. जवळपास नऊ वर्षं लोक रस्त्याकडेच्या थांब्यांवर उभे होते. नव्या इमारतीत वर सदनिका आहेत आणि फलाट 14, जुन्यापेक्षा बरेच कमी. सान फ्रान्सिस्कोने 1939 सालचं टर्मिनल पाडण्याआधी, 2010 मध्ये, शेजारी तात्पुरतं स्थानक उभारलं. ते किती कामाला आलं पाहा: नवी इमारत ऑगस्ट 2018 मध्ये उघडली, सहा आठवड्यांत पोलादी तुळयांना तडे सापडले, सगळं बंद करावं लागलं, आणि बस पुन्हा त्या तात्पुरत्या जागी गेल्या. तिथून त्या परतल्या जवळजवळ वर्षभराने.

न्यूयॉर्कमध्ये 1950 सालच्या टर्मिनलच्या जागी नवं बांधायची योजना आहे. तिथला क्रम उलटा लावला आहे. रिकाम्या बस थांबवण्यासाठी जी इमारत पुढे कायमची लागणार आहे, तीच आधी बांधायची. मुख्य टर्मिनल पाडून नवं होईपर्यंत प्रवाशांनी तिथूनच चढायचं. नंतर ती आपल्या मूळ कामाला लागेल. तात्पुरत्यासाठी केलेला खर्च वाया जात नाही, आणि वर म्हटलेल्या उभ्या बसचाही निकाल लागतो.

तुमच्याकडे आलेल्या प्रस्तावात तात्पुरत्या स्टँडचा नकाशा जोडलेला आहे का, बघा. असेल तर त्यावर छप्पर, दिवे, शौचालय आणि अंध माणसाला चालायची पट्टी कुठे दाखवली आहे ते बोट ठेवून विचारा. नकाशाच नसेल, तर काचेच्या भिंतीचं चित्र पुढच्या बैठकीपर्यंत बाजूला राहू द्या.