धुळ्याच्या जुन्या पेठेतील खानावळ
मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यातच एकमेकांना छेदतात, त्यामुळे खानदेशातल्या माणसाचे धुळे सहसा चुकत नाही. तरीही चाळीसगावहून शिरपूरला नातेवाइकांकडे जाताना आम्ही वर्षानुवर्षे वळणरस्त्यावरच्या ढाब्यावर जेवून बाहेरच्या बाहेर पुढे निघत असू. "गावात कशाला शिरता, तिथे कधी काय पेटेल सांगता येत नाही," हे घरातल्या मोठ्यांचे म्हणणे आम्ही कधी तपासून पाहिले नव्हते. गेल्या हिवाळ्यात गाडीच्या कामासाठी थांबावे लागले, तेव्हा आग्रा रोडजवळच्या नंबरांच्या गल्ल्यांपैकी एकीत, 'खानदेशी जेवण' एवढाच फलक असलेल्या खानावळीत आम्ही चौघे जेवलो.

भरीत इतके चांगले मी जळगाव सोडून कुठे खाल्लेले नाही. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली होती, आणि मालकांच्या पत्नी ती सोलून हिरव्या मिरच्या व लसणाबरोबर लाकडी बडगीत ठेचत होत्या. तो आवाज ताटावर बसल्याबसल्या ऐकू येत होता. वरून कांद्याची पात, तेलात परतलेले शेंगदाणे आणि सोबत तव्यावरून थेट ताटात येणारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी. शेवभाजीला तर्री जरा जास्तच होती. ताटाचे दीडशे रुपये झाले आणि वाढण्यात हात कुठे आखडलेला दिसला नाही. हात धुण्याची जागा मात्र अंधारी आहे आणि गल्लीत गाडी लावायला जागा नाही.

माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे, कारण चूल रात्री नऊलाच विझते. मालकांना कारण विचारले, तेव्हा पूर्वी साडेदहापर्यंत पंगती चालत असत, असे ते म्हणाले. जानेवारी २०१३ मध्ये मच्छीबाजारात एका हॉटेलातल्या बिलाच्या क्षुल्लक वादातून दंगल उसळली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. त्याआधी २००८ ची दंगल होतीच. शहर पुढे शांत झाले, परंतु रात्रीचा परगावचा गिऱ्हाईक परतला नाही. कुटुंबांसाठी शेजारची खोली घ्यायचा विचार मालकांनी त्यापायी सोडून दिला, आणि त्यांचा मुलगा आज सुरतेत नोकरी करतो. बदनामीने शहराचे नुकसान होते ते असे. न घेतलेली खोली आणि न लागलेली नोकरी कोणत्याच पंचनाम्यात येत नाही, आणि मग शहर मागासच आहे असे म्हणायला लोक मोकळे होतात. धुळ्याचे सगळे दुखणे बदनामीचेच आहे असा माझा दावा नाही, पण दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या आराखड्यात धुळे–नरडाणा परिसराचे नाव असले, तरी बाहेरचा माणूस इथे एक रात्र मुक्काम करायला कचरत असेल, तर त्या नावाचा उपयोग मर्यादितच राहणार.

हे मनाला अधिक लागते, कारण हे शहर वाढले तेच परक्यांना बोलावून. पेंढाऱ्यांच्या धाडींनी आणि दुष्काळाने खानदेश उजाड झाला होता, तेव्हा कंपनी सरकारचा अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ च्या सुमारास धुळे हे मुख्य ठाणे केले, व्यापाऱ्यांना येथे वसण्यासाठी बोलावले, घरांसाठी बिनभाड्याच्या जागा दिल्या आणि पक्की घरे बांधायला उचलही दिली. खानदेशाचे नाव त्या काळी आजच्या धुळ्यापेक्षा किती तरी वाईट होते, तरीही माणसे आली, कारण त्यांना कोणीतरी आपणहून बोलावले होते.

गाडी आग्रा रोडवरच कुठे तरी लावून गल्लीत पायी जावे. भरीत हिवाळ्यातच मिळते, इतर दिवसांत पातोड्यांचा रस्सा मागवावा, आणि रात्री जेवायचे असेल तर साडेआठच्या आत पोहोचावे.