अर्जुन घ्या, अशोक मोडून बघा: सोलापुरातल्या एका काष्ठौषधी दुकानातल्या साली

सोलापूरच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या काष्ठौषधी दुकानातून तीन साली घेतल्या: अर्जुन, अशोक आणि कुडा. प्रत्येकी पाव किलो, पोत्यातून काढलेल्या, सुट्या. सोबत तिथलंच अर्जुन चूर्णाचं 100 ग्रॅमचं पाकीट. निकाल आधीच सांगतो. अर्जुन उत्तम, कुडा चांगला, अशोक म्हणून दिलेली साल अशोकाची नाहीच, आणि चूर्ण घेऊ नये.

दुकानाची एक गोष्ट मनापासून आवडली. "मालक, एक तुकडा मोडून बघू का?" असं विचारलं की "बघा की, त्यात काय" असं उत्तर येतं. साल नुसती बघून कळत नाही, मोडून आणि चावून कळते, त्यामुळे ही मुभा फार मोलाची आहे.

अर्जुनापासून सुरुवात करू, कारण गिऱ्हाईक याच सालीला जास्त. तुकडे चपटे किंवा किंचित वळलेले, जाडी साधारण अर्धा सेंटीमीटर. बाहेरून राखाडी आणि बऱ्यापैकी गुळगुळीत, आतून गुलाबी छटा. तुकडा मोडला की आतला भाग कट्‌कन तुटतो आणि बाहेरचा पापुद्र्यांसारखा सुटतो. ब्लेडने आडवा काप घेतला तर कापलेली कडही गुलाबीच दिसते. चावल्यावर आधी तुरट, मागून कडवट. ही सगळी लक्षणं जुळली.

इथे घोळ होतो तो नावामुळे. 'सादडा' म्हणून मागितलं की अर्जुनसादडाही, म्हणजे अर्जुन, मिळू शकतो आणि ऐन या दुसऱ्या झाडाची सालही. ऐनाची साल काळपट, खरबरीत, मगरीच्या पाठीसारखी खोल भेगांची. सोलापुरात बराच व्यवहार कन्नड-तेलुगूत चालतो, आणि त्या भाषांत हा फरक नावातच आहे. तेलुगूत अर्जुन म्हणजे 'तेल्ल मद्दी', पांढरी मद्दी, आणि ऐन म्हणजे 'नल्ल मद्दी', काळी मद्दी. कन्नडमध्ये अर्जुन 'होळेमत्ती', नदीकाठची मत्ती. नुसतं 'मद्दी' किंवा 'मत्ती' म्हटलं तर पुढ्यात काय येईल याचा भरवसा नाही. पूर्ण नाव घ्या.

पाव किलो अर्जुन वर्तमानपत्रावर पसरून निवडला. माती, काटक्या, शेवाळाचे पोपडे आणि दुसऱ्याच कुठल्यातरी सालीचा एक तुकडा मिळून 4 ग्रॅम निघाले. आयुर्वेदिक फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाची, मर्यादा 2 टक्के, म्हणजे पाव किलोला 5 ग्रॅम. मर्यादेच्या आत आहे, पण काठावरच.

मग सत्त्व, म्हणजे सालीतला पाण्यात उतरणारा अंश. ही चाचणी घरी होते, फक्त 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा हवा. सालीची भरड 5 ग्रॅम घ्या, 100 मिलिलिटर पाण्यात झाकणाच्या बरणीत घाला. सहा तास अधूनमधून हलवत राहा, पुढचे अठरा तास तशीच ठेवा. दाट कापडातून किंवा फिल्टर पेपरमधून गाळा. गाळलेल्यातलं 25 मिलिलिटर आधी वजन केलेल्या वाटीत घालून उकळत्या पाण्यावर आटवा, पूर्ण कोरडं झालं की पुन्हा वजन करा. हे 25 मिलिलिटर म्हणजे सव्वा ग्रॅम सालीचा अर्क. अर्जुनात पाण्यात उतरणारा अंश किमान 20 टक्के हवा, म्हणजे वाटीत 0.25 ग्रॅम तरी उरायला हवं. इथे 0.28 उरलं. तेच चूर्णाच्या पाकिटातून केलं तर 0.17. थेट भांडं आचेवर ठेवलं तर तळ करपतो आणि आकडा चुकतो, म्हणून वाफेवरच. प्रयोगशाळेत 105 अंशांवर वाळवून घेतात, घरचा आकडा त्याच्या जवळपास जातो, तंतोतंत नाही.

चूर्ण का हरलं ते पेल्यात दिसतं. चमचाभर चूर्ण पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवलं की तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळून बघा. या पाकिटातल्या गाळात वाळू कचकचत होती. दळताना जुनी, निःसत्त्व, बाहेरची मेलेली साल काढून टाकलेली नसावी, आणि मातीही तशीच चक्कीत गेली. एकदा दळल्यावर गुलाबी काय आणि काळपट काय, सगळं एकच तपकिरी. साल अख्खीच घ्यावी आणि लागेल तेवढीच खलबत्त्यात भरड करावी.

चाचणी अहवाल वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. अर्जुनाच्या अहवालात राख, म्हणजे साल जाळल्यावर उरते ती, 20 टक्क्यांच्या पुढे दिसली तर घाबरू नका. या सालीत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक भरपूर असतात, म्हणून एकूण राखेची मर्यादाच 25 टक्के आहे. बघायची ती आम्लात न विरघळणारी राख. ती म्हणजे वाळू-माती, आणि ती 1 टक्क्याच्या वर नको.

आता अशोक. शाळांच्या आवारात आणि बंगल्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारं, लांबट नागमोडी पानांचं जे झाड सगळे अशोक म्हणून दाखवतात, तो औषधी अशोक नव्हे, आसुपालव. खरा सीता-अशोक सह्याद्रीच्या ओलसर जंगलातला, नारिंगी-लाल फुलांच्या गुच्छांचा, संथ वाढणारा, आणि आता दुर्मीळ झालेला. आसुपालव मात्र हवा तेवढा, म्हणून पोत्यात तोच येतो. खऱ्या अशोकाची साल पन्हाळीसारखी वळलेली, बाहेरून हिरवट राखाडी, त्यावर गोल पुटकुळ्या. आतून तांबूस तपकिरी, उभ्या बारीक रेषांची. मोडली की फाटे निघतात, आणि वरच्या बुचाच्या थराखाली एक पातळ, सलग पांढुरकी रेघ दिसते. ही रेघ भिंगाशिवायही दिसते. इथल्या सालीत ती नव्हती. आतून फिकट पिवळसर, ओढली की पट्ट्यांनी सोलली जाणारी, तुरटपणा नावाला. लोखंडी खिळ्याच्या पाण्यात काढा काळा पडतो म्हणून साल खरी, असं काही जण सांगतात. त्यावर जाऊ नका. टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या कुठल्याही सालीचा काढा काळा पडतो.

स्त्रियांच्या दुखण्यासाठी महिनोन्‌महिने हा काढा घेतला जातो, म्हणून हा दोष आम्हाला सर्वांत जास्त खटकतो.

कुड्याची साल लहान, उलट्या वळलेल्या तुकड्यांत होती. तुटते रवाळ, आणि जिभेवर ठेवताच चांगलीच कडू. काळा कुडा या दुसऱ्या झाडाची असती तर हा कडूपणा आला नसता. इथे शंका नाही.

ओल तपासायला 20 ग्रॅम साल वजन करून सोलापूरच्या उन्हात दिवसभर पातळ पसरा आणि पुन्हा वजन करा. 2 ग्रॅमपेक्षा जास्त घटलं तर तुम्ही पाण्याचे पैसे दिलेत, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या सालीला बुरशी येणार. अर्जुन 1.1 ग्रॅमने घटला, ठीक. उन्हाळ्यात इथे साल वाळवण्याची चिंता नसते, खरी काळजी जुलैनंतर. पावसाळ्यात गेलात तर वरचा तुकडा बघून घेऊ नका, पोत्याच्या तळाचा बघायला मागा. फरशीची ओल तिथेच लागते, आणि आतल्या बाजूला पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर त्या पोत्यातलं काहीच घेऊ नका.