लोगो छापलेल्या वस्तूंचे नऊ महिने: काय टिकलं आणि काय बोहारणीकडे गेलं

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यात लादी पुसणाऱ्या मावशींच्या हातात एक काळं फडकं दिसलं. ओलं, पिळलेलं, आणि त्यावर आमच्या ट्रॅकच्या लोगोतलं अर्धं चाक. मे महिन्यात मीच निवडलेला टी-शर्ट! "कापड चांगलंय ताई, पाणी मस्त शोषतं," मावशी म्हणाल्या. त्या टी-शर्टबद्दल आजवर ऐकलेली सगळ्यात प्रामाणिक दाद हीच.

मी नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एमआयडीसीतल्या एका जुन्या शेडमध्ये चालणाऱ्या गो-कार्टच्या, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांच्या, ट्रॅकवर काम करते. काउंटर माझ्याकडे आणि मार्केटिंगही माझ्याकडेच. शनिवार-रविवारी वाढदिवस, शुक्रवारी संध्याकाळी ऐरोली-महाप्याच्या आयटी पार्कांतले ऑफिस ग्रुप, एरवी कॉलेजची मुलं. होर्डिंगवर पैसे घालण्यापेक्षा लोकांच्या अंगावर, बाइकवर, दप्तरात आपलं नाव फिरू दे, अशी सरांची कल्पना. मे ते जानेवारी मिळून आम्ही टी-शर्ट, टोप्या, लॅनयार्ड (गळ्यात घालायचे पट्टे), बालाक्लावा (हेल्मेटच्या आत घालायची टोपडी), जर्सी, बाटल्या आणि स्टिकर एवढ्या वस्तू केल्या. कोणी अशाच जागेसाठी ऑर्डर द्यायच्या विचारात असेल तर त्याचे पैसे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

टी-शर्टपासून सुरुवात, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. पहिला लॉट दोनशे नगांचा. काळा, १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम) कॉटन, नगाला १९० रुपये. छातीवर छोटा लोगो, पाठीवर हातभर कार्ट. डीटीएफ प्रिंट, म्हणजे आधी फिल्मवर छापायचं आणि मग गरम प्रेसने कापडावर चिकटवायचं. चार रंग असोत की दहा, स्क्रीन प्रिंटसारखी प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन (छपाईची जाळी) बनवायचा खर्च नाही, त्यामुळे थोडे नगही परवडतात. नमुना हातात आला तेव्हा इतका चकचकीत दिसला की मी त्याचा फोटो लगेच स्टेटसला टाकला.

गडबड पाठीत होती. कार्टची सीट बकेट असते, कडक आणि अंगाला घट्ट. वळण आलं की चालवणारा सीटला घासतो. दहा मिनिटांत पाठ घामाने भिजते आणि त्यात हे घासणं. म्हणजे जो टी-शर्ट घालून लोकांनी पुन्हा ट्रॅकवर यावं असं आम्हाला वाटत होतं, त्याचा प्रिंट आमचीच सीट सोलून काढत होती. नेहमीच्या मुलांच्या पाठीवरचं कार्ट जुलैपर्यंत एका चाकावर आलं. शिवाय एवढ्या मोठ्या प्रिंटखाली हवा खेळत नाही. एकाने काउंटरवर येऊन सांगितलं, "ताई, हा घालून चालवलं की पाठीची इडली होते." लिहून घेण्यासारखा अभिप्राय होता, मी लिहूनही घेतला.

स्टाफचे टी-शर्ट दुसरीकडून स्क्रीन प्रिंट करून घेतले होते. ते दोन-तीन धुण्यांत तडकले. तेव्हा कळलं की स्क्रीन प्रिंटची प्लास्टिसोल शाई नीट भाजावी लागते, साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत. घाईत प्रेसमधून लवकर काढली तर वरून सुकलेली दिसते, आत कच्ची राहते. आता माल आला की मी पाचसहा नग उचलते आणि प्रिंट दोन्ही हातांनी ताणून बघते. तडा गेला तर गठ्ठा तिथल्या तिथे परत. पुरवठादार तोंड वाकडं करतो, करू दे.

साइजमध्येही मी शहाणपणा केला होता: एस, एम, एल, एक्सएल प्रत्येकी पन्नास. एलचे तीन आठवड्यांतच संपले, एसचे एकतीस अजून स्टोअरमध्ये आहेत. आणि ऑफिस ग्रुपमधले निम्मे जण हळूच विचारतात, "डबल एक्सेल आहे का?" रंगाचंही तेच. कॉम्प्युटरवर दिसणारा आपला लाल छापून आला की विटकरी होतो. "सीडीआर (डिझाइनची फाइल) पाठवा मॅडम, बाकी आम्ही बघतो" यावर विश्वास टाकू नका. पँटोन नंबर (रंगाचा ठरलेला कोड) द्या आणि कापडावरचा नमुना बघितल्याशिवाय पुढे हो म्हणू नका.

अजून एक गोष्ट, इथल्याच माणसाला लक्षात यायला हवी होती. पुढची ऑर्डर मी जुलैच्या शेवटी दिली. दहीहंडीच्या तोंडावर ठाण्या-मुंबईतली गोविंदा पथकं टी-शर्ट छापतात, त्यांच्या मागोमाग गणपतीची मंडळं. त्या गर्दीत आमच्या साठ नगांना कोण विचारतो? माल विसर्जनानंतर आला. आता ऑगस्टसाठी जे हवं ते जूनमध्येच सांगून ठेवते.

टोप्यांचं एका ओळीत आटोपते: टोपीवर हेल्मेट बसत नाही. लोक टोपी काढून काउंटरवर ठेवतात आणि विसरून जातात. आमच्या हरवलं-सापडलंच्या खोक्यात सध्या आमच्याच सतरा टोप्या आहेत.

लॅनयार्डवर मात्र थांबायला हवं, कारण तिथे चूक नुसती पैशांची नव्हती. ऑफिस ग्रुपांना रुबाबदार वाटावं म्हणून आम्ही गळ्यात घालायचे पास केले, रुंद पट्टा आणि त्यावर ओळीने लोगो. पहिल्याच शुक्रवारी एक मुलगा पास गळ्यात घालूनच कार्टमध्ये बसला. पट्टा सैल, सीटच्या बाजूने खाली लोंबतोय. कार्टचा मागचा ॲक्सल (चाकांचा दांडा) जमिनीपासून काही बोटांवर फिरत असतो. त्यात कापड गेलं तर ते गुंडाळत जातं आणि सोडवायला वेळ मिळत नाही. पिटमधल्या, म्हणजे कार्ट सुटतात-थांबतात तिथल्या, मामांनी हात दाखवून कार्ट थांबवली, पट्टा काढून घेतला आणि तसेच माझ्याकडे आले. "मॅडम, बायकांना ओढणी काढून ठेवायला लावतो आपण, केस बांधायला लावतो. आणि हे आपणच गळ्यात घालतोय?" मला उत्तर सुचलं नाही. त्याच संध्याकाळी सगळे लॅनयार्ड गोळा केले. आता ते कापून लॉकरच्या चाव्यांना बांधलेत. बाजारात गो-कार्टसाठी म्हणून वस्तूंची जी तयार यादी मिळते तिच्यात लॅनयार्ड हमखास असतो. घेऊ नका.

त्यानंतर कुठलीही वस्तू आधी मामांना दाखवायची असा नियम झाला. बालाक्लावा त्यांचीच सूचना. हेल्मेटच्या आत डोक्यावर चढवतात ती कापडी टोपडी, फक्त चेहरा उघडा राहतो. त्याआधी आम्ही शॉवर कॅपसारखी वापरून फेकायची टोपी फुकट द्यायचो. ती फाटायची, घामाने गोळा व्हायची, आणि दिवसाअखेर डबा भरून कचरा. एकाच्या घामाचं हेल्मेट दुसऱ्याने घालायचं, यावर तक्रार करणाऱ्या आया वेगळ्याच. कॉटन-लायक्राचा बालाक्लावा आम्हाला ६५ रुपयांना पडला, आम्ही १२० ला विकतो. कपाळावर बारीक लोगो, तोही स्क्रीन प्रिंट. खऱ्या शर्यतीतला बालाक्लावा नोमेक्ससारख्या पटकन पेट न घेणाऱ्या कापडाचा असतो. आमचा तसा नाही, तो घामासाठी आहे, आणि काउंटरवर तसं सांगूनच देतो.

खरी युक्ती पुढे आहे: स्वतःचा धुतलेला बालाक्लावा घेऊन आलात की शर्यतीत तीस रुपये सूट. टी-शर्ट कपाटात जातो, बालाक्लावा मात्र बाइकच्या डिकीत किंवा बॅगेत राहतो, कारण त्याचा पुढच्या वेळी उपयोग आहे. काही मुलं तो बाइक चालवतानाही हेल्मेटखाली घालतात. हेल्मेट काढलं की आमचं नाव, तेही आमच्या खर्चाशिवाय.

सीएंनी मध्येच एक पिन टोचली. फुकट वाटलेल्या वस्तूंवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही, कायद्याच्या कलम १७(५)(एच) मध्ये भेट आणि मोफत नमुने बसतात. विकलेल्या वस्तूचं ते मिळतं. त्यामुळे सप्टेंबरपासून आमच्याकडे फुकट असं जवळजवळ काही नाही, थोडी का होईना किंमत लावतो. गंमत म्हणजे वीस रुपये देऊन घेतलेली वस्तू लोक फुकटच्या वस्तूपेक्षा जपतात, निदान पार्किंगमध्ये तरी टाकून जात नाहीत.

जर्सीचा शोध घणसोलीत लागला. आपल्याकडे गावागावांतल्या टेनिस क्रिकेटच्या टीमा घालतात तशा सब्लिमेशनच्या जर्सी, मागे नाव आणि नंबर. पॉलिस्टरवरच होतात, पण शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते, वर थर बसत नाही. त्यामुळे सीटला घासून सोलण्यासारखं काही उरतच नाही. थोडे नग असले तरी करून देतात आणि प्रत्येकावर वेगळं नाव टाकायला जास्तीचे पैसे लागले नाहीत. आमच्या महिन्याच्या लीगमध्ये जे नाव देतात त्यांनाच ती मिळते, ३२० रुपये प्रवेश फीमध्ये धरलेले. लोगो मुद्दाम लहान ठेवलाय. स्वतःचं नाव पाठीवर असलेली वस्तू कोणी बोहारणीला देत नाही, निदान अजून तरी दिलेली नाही.

वाढदिवसासाठी एका पुरवठादाराने लोगोचे फुगे प्लास्टिकच्या काडीवर लावून सुचवले होते. त्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे हे त्याला मलाच सांगावं लागलं. त्याऐवजी स्टीलच्या बाटल्या केल्या. छापलेल्या बाटल्यांवर महिन्याभरात ओरखडे आले, लेसरने कोरलेल्या अजून तशाच आहेत. महाग पडतात, पण मूल ती शाळेत आणि क्लासला नेतं, आणि बाकाशेजारचा विचारतो.

आता स्टिकर. नगाला सहा रुपये आणि या सगळ्यात माझा आवडता. एका कोपऱ्यात लोगो, मधे रिकामी पट्टी, शेजारी 'सेकंद'. शर्यत संपली की स्क्रीनवर दिसणारी सर्वात चांगल्या लॅपची (ट्रॅकच्या एका फेरीची) वेळ मार्शल, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवणारा, तिथल्या तिथे मार्करने लिहून देतो. पहिल्या लॉटला चकचकीत लॅमिनेशन होतं, घामट अंगठा लागला की ४३ चा ४८ व्हायचा आणि भांडणं. मॅट लॅमिनेशन केल्यावर आकडा टिकला. लॅमिनेशनच नसलेल्या नमुन्याच्या नगांचा रंग मात्र पाऊस संपून ऊन पडल्यावर उडायला लागला. नंबर प्लेटवर लावू नका, पोलीस पावती फाडतात, असं प्रत्येकाला सांगतो.

क्यूआर कोडही सगळीकडे छापून पाहिला. कॉलरच्या आतला कोड कोण स्कॅन करणार? त्याऐवजी काउंटरवर एक वही ठेवली आणि नव्या माणसाला विचारायला लागले, कुठून कळलं. "मित्राच्या बाइकवर वेळ लिहिलेली पाहिली, म्हटलं ही कसली?" हे उत्तर टी-शर्टच्या बाबतीत कधी ऐकलं नाही.

नेरुळचे एक काका आहेत, निवृत्त. नातवाच्या वाढदिवसाला म्हणून आले आणि हौसेने स्वतःही बसले. ५१.८ सेकंद. स्टिकर ॲक्टिव्हाच्या पुढच्या बाजूला लावला. पंधरा दिवसांनी एकटेच आले, धुतलेला बालाक्लावा खिशातून काढून तीस रुपये कमी करून घेतले. ४९.२. जुना स्टिकर काढून देऊ का विचारलं, तर नको म्हणाले, त्याच्या खालीच लावा. आता ॲक्टिव्हावर पाच स्टिकर आहेत, उतरत्या क्रमाने, सर्वात खाली ४६.५. मडगार्डवर जागा संपत आलीय, म्हणून परवा फोनवर मला विचारत होते, "बाळा, जरा लहान साइजमध्ये करता येतील का गं?"